झोपडपट्टी फुटबॉल

शहरांतील झोपडवस्त्यांमधील मुलामुलींना संघटित खेळाची संधी देणारा, नागपूर येथे उगम पावलेला क्रीडा-उपक्रम. तो ‘स्लम सॉकर’ या नावानेही ओळखला जातो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे हे त्याचे प्रवर्तक होत.

महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकाचे काम मुख्यतः निवडीचे असते. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांतून मोजके खेळाडू वेचून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी त्याला संघ उभारावा लागतो. ज्यांची शाळाच अर्ध्यावर सुटते, ती मुले या निवडीच्या कक्षेत येत नाहीत. भर पावसात मोडकी बादली लाथाडीत खेळणारी अशी काही मुले बारसे यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. खेळात रमलेली मुले तेवढा वेळ तरी व्यसने व भांडणे यांपासून दूर राहतात, असे त्यांना आढळून आले. त्यातूनच २००१ मध्ये नागपुरात केवळ झोपडवस्त्यांतील खेळाडूंसाठी स्पर्धा भरविण्यात आली. तीत १२८ संघ उतरले. पुढे क्रीडा विकास संस्थेमार्फत हे कार्य चालू राहिले. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कमही बारसे यांनी या कार्यासाठी जमीन घेण्यात खर्च केली. नागपूरजवळील बोखारा येथे संस्थेचे केंद्र आहे.

बेघर व वंचित खेळाडूंची जागतिक स्पर्धा प्रथम २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली. कोपनहेगन येथील २००७ च्या स्पर्धेपासून या संस्थेने भारतीय संघ पाठविण्यास प्रारंभ केला. या स्पर्धेतील मैदान सु. २२ मी. लांब व १६ मी. रुंद असते. प्रत्येक संघाचे तीन खेळाडू व एक गोलरक्षक मैदानावर उतरतात आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांत संपतो. गोलरक्षकाला आपले क्षेत्र सोडता येत नाही व इतर खेळाडूंना त्यात शिरता येत नाही. मैदान लहान असल्याने चेंडू वारंवार गोलाकडे येतो. त्यामुळे गोलरक्षकाच्या तत्परतेला येथे विशेष महत्त्व येते. खेळाडूला या जागतिक स्पर्धेत एकदाच भाग घेता येतो. दरवर्षी नव्या खेळाडूंना संधी मिळावी, हा त्यामागील हेतू होय.

या कार्याबद्दल संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. बारसे यांच्या जीवनकार्यावर आधारित, नागराज मंजुळे दिग्दर्शित झुंड हा हिंदी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. तीत क्रीडाशिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

सर्वच खेळाडूंना फुटबॉलमधून उपजीविका लाभणे शक्य नसते. काहींनी मात्र प्रशिक्षक होऊन वस्त्यांतील पुढच्या मुलांना शिकविण्याचे काम पत्करले. या उपक्रमाचे यश जिंकलेल्या चषकांपेक्षा या परंपरेत अधिक दिसून येते.