बॅटरी बदलण्यापूर्वी चार्जिंगचा हिशेब तपासा

लांबच्या रस्त्यावर मोटारसायकल उभी राहिली आणि बटण दाबल्यावर नुसते टकटक वाजले, की दोष बॅटरीच्या माथी मारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. नवी बॅटरी बसते, गाडी चालू होते आणि महिना-दीड महिन्याने तोच प्रकार पुन्हा घडतो. मग ग्राहक म्हणतो, दुकानदाराने जुना माल दिला. दुकानदार म्हणतो, गाडीतच दोष आहे. कारागीर दोघांच्या मध्ये सापडतो. पैसे जातात, प्रवास मोडतो आणि आपसातला विश्वासही जातो. वास्तविक बॅटरी उतरणे हे बहुतेक वेळा दुखण्याचे लक्षण असते. दुखणे दुसरीकडेच असते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. विजेच्या कामाचे उस्ताद म्हणून हे लिहीत नाही. परंतु फिरतीच्या धंद्यात मोटारसायकल हीच अर्धी दुकानदारी असते. भिवंडीहून नमुन्याची बॅग बांधून कसारा घाट चढून मालेगाव-धुळ्याकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी वाटेत थांबली तर त्या दिवसाचा बाजार बुडतो. आपल्या वाचकांत गॅरेजवाले व वाइंडिंगचे कारागीरही पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय दोघांच्याही कामाचा आहे. यासाठी लागणारे हत्यार एकच, साधा डिजिटल मल्टीमीटर.

यंत्रणा कशी चालते

चुंबक आणि तारेचे वेटोळे यांपैकी एक फिरले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. मोटारसायकलीचे चार्जिंग याच तत्त्वावर चालते. इंजिनच्या दांड्यावर चुंबकाचा गोल फिरतो, त्याला रोटर किंवा गॅरेजच्या भाषेत मॅग्नेट म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर बसवलेली असतात, तो स्टेटर, म्हणजेच आपली कॉइल प्लेट. लांब पल्ल्याच्या बहुतेक आधुनिक गाड्यांत स्टेटरमधून तीन तारा बाहेर येतात, पुष्कळदा पिवळ्या रंगाच्या. त्यांतून ए.सी. वीज येते आणि इंजिनचा वेग वाढेल तसा तिचा दाबही वाढतो.

ही वीज बॅटरीला जशीच्या तशी चालत नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर-रेक्टिफायर असतो. तो ए.सी.ची डी.सी. करतो आणि दाब साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. अनेक गाड्यांत हा रेग्युलेटर शंट पद्धतीचा असतो. जास्तीची वीज तो स्टेटरकडेच शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. म्हणून तो तापतो, आणि स्टेटरलाही विसावा मिळत नाही. त्याच्या पंख्यांवर चिखल बसला किंवा सामानाच्या बॅगेने त्याचा वारा अडवला, तर त्याचे आयुष्य घटते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर स्टेटर ही आवक, रेग्युलेटर हा मुनीम, बॅटरी हा गल्ला आणि दिवे, पंप, हॉर्न ही जावक. गल्ला रिकामा झाला म्हणून कोणी नवा गल्ला विकत आणत नाही. आवक थांबली की खर्च वाढला की कोठे चोरी होते आहे, हे आधी पाहतो. येथेही तोच नियम आहे.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटजवळ अॅमीटरचा काटा असे. चार्जिंग होते की नाही ते चालवणाऱ्याला बसल्या जागी कळे, आणि बॅटरी कमजोर झाली तरी किकचा आधार होता. आज दोन्ही आधार बहुतेक गाड्यांतून गेले आहेत. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटता राहतो. २०२० च्या बी.एस. ६ नियमांनंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले, आणि त्याचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. म्हणजे आता वीज संपली की गाडीच संपली.

पहिली पायरी : बॅटरी

तपासणी नेहमी बॅटरीपासून सुरू करावी, कारण अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढची सर्व मापे फसवी येतात. प्रथम टर्मिनल पाहा. स्क्रू ढिला आहे का, पांढरा-हिरवा क्षार साचला आहे का, अर्थची तार चॅसीला घट्ट बसली आहे का? पाण्याची बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहा. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात.

नंतर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मापा. लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. मीटर लावून ठेवून स्टार्टर मारा. दाब साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली आहे. लिथियमच्या बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. ती भरलेली असताना १३.२ च्या वर दाखवते.

दुसरी पायरी : चालू इंजिनवरचा दाब

मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून इंजिन चालू करा आणि वेग चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत न्या. आता तीन शक्यता आहेत.

दाब साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर राहिला, तर चार्जिंग ठीक आहे. दोष थकलेल्या बॅटरीत, कोठे तरी गळणाऱ्या करंटमध्ये किंवा जास्तीच्या दिव्यांत शोधावा.

दाब १३ च्या वर जातच नसेल, तर आवक होत नाही. तिसऱ्या पायरीकडे जावे.

दाब १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर किंवा त्याचे वायरिंग बिघडले आहे. अशी गाडी पुढे चालवू नये. बॅटरी उकळते, बल्ब जातात आणि महागडा कंट्रोल युनिटही जाऊ शकतो.

येथे एक खबरदारी. चार्जिंग होते का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची जुनी युक्ती काही ठिकाणी अजून करतात. इलेक्ट्रॉनिक गाडीत असे कदापि करू नये. बॅटरी निघताच दाब एकदम उसळतो आणि शंभराच्या तपासणीत हजारोंचे नुकसान होते.

तिसरी पायरी : स्टेटर

इंजिन बंद करून स्टेटरच्या तीन तारांचा कनेक्टर सोडवा. तो उघडताच नीट पाहा. प्लास्टिक वितळलेले, पिन काळी पडलेली असेल तर निम्मे निदान झाले. या कनेक्टरमधून सतत मोठा करंट वाहतो. पिन थोडी ढिली झाली की ती तापते, तापली की आणखी ढिली होते, आणि शेवटी जळते. होंडाची गोल्डविंग ही लांबच्या सफरीची जगप्रसिद्ध गाडी, पण तिच्या जीएल १२०० या मॉडेलमध्येही हा पिवळ्या तारांचा कनेक्टर जळण्याची तक्रार सर्वांना माहीत होती. जाणकार लोक तो काढून टाकून तारा सरळ सोल्डर करत. त्या गाडीचा स्टेटर बदलायचा तर इंजिन खाली उतरवावे लागे. जे काम थोड्याशा कथलाने होते, त्यासाठी इंजिन उतरवणे कोणाला परवडेल? म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

आता मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक तार आणि इंजिनचे धातू यांच्यामध्ये मापा. संबंध अजिबात दिसता कामा नये. दिसला तर वेटोळ्याचे इन्सुलेशन जळून तार बॉडीला लागली आहे. नंतर तारांच्या तीन जोड्या मापा. तिन्ही आकडे सारखे आणि अगदी लहान, बहुधा एक ओहमच्या आत यावेत. स्वस्त मीटर इतके सूक्ष्म माप खात्रीने दाखवत नाही. म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा आकडा पाहावा आणि तो वजा करावा.

खरी परीक्षा पुढची. कनेक्टर सुटाच ठेवून इंजिन चालू करा, मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवा आणि त्याच तीन जोड्या मापा. वेग वाढेल तसा दाब वाढला पाहिजे. पाच हजार फेऱ्यांवर तो साधारण ५० व्होल्टच्या वर जातो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. परंतु आकड्यापेक्षा तिन्ही जोड्या सारख्या असणे अधिक महत्त्वाचे. दोन जोड्या कमी आणि एक बरोबर, असे दिसले तर एक वेटोळे गेले आहे. हा दाब झटका देण्याइतका असतो, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नये.

चौथी पायरी : तारा आणि रेग्युलेटर

स्टेटर चांगला निघाला, तरी लगेच रेग्युलेटर विकत घेऊ नका. मध्ये तारा आहेत. कनेक्टर पुन्हा जोडा, इंजिन चालवा, दिवे लावा. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून एक टोक रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह तारेला आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. आकडा ०.२-०.३ व्होल्टपेक्षा अधिक आला, तर तेवढी वीज वाटेतच हरवते आहे. असेच निगेटिव्ह बाजूलाही मापा. बहुतेकदा दोषी निघतो तो गंजलेला अर्थ किंवा फ्यूजचा जळका होल्डर. मापात गज चोख असला तरी कापड खेचून मोजले तर हिशेब चुकतोच. तसेच हे आहे.

स्टेटर ठीक, तारा ठीक, तरी दाब वाढत नाही, असे ठरले की मग रेग्युलेटर दोषी धरावा. मीटरच्या डायोड रेंजवर प्रत्येक पिवळी पिन तपासता येते. एका दिशेने साधारण अर्ध्या व्होल्टचा आकडा यावा, उलट दिशेने काही येऊ नये. ही परीक्षा नापास झाली तर युनिट निश्चित गेले. पास झाली तरी आतला नियंत्रणाचा भाग बिघडलेला असू शकतो. म्हणून आधीचे सर्व दरवाजे बंद करूनच येथे यायचे.

पाचवी पायरी : गळती आणि खर्च

चार्जिंग उत्तम, बॅटरी चांगली, तरी दोन दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते. अशा वेळी किल्ली बंद करून निगेटिव्ह तार सोडवा आणि तिच्या व टर्मिनलच्या मध्ये मीटर अॅम्पिअरवर लावा. घड्याळ व कंट्रोल युनिटसाठी थोडे मिलीअॅम्पिअर जाणे स्वाभाविक आहे. आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्या निघण्याने आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. बहुधा तो मागाहून लावलेला अलार्म, ट्रॅकर किंवा मोबाईलचा चार्जर असतो. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल.

शेवटी खर्चाची बेरीज. समजा, स्टेटरची ताकद २२० वॅट आहे. हेडलाइट ५५, मागचे दिवे १०, इंजेक्शन-पंप-इग्निशन मिळून ६० आणि मोबाईल १५ असा १४० वॅटचा खर्च धरू. त्यात हौसेने ५५-५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प लावले की बेरीज २५० होते. म्हणजे ३० वॅटची, सुमारे अडीच अॅम्पिअरची रोजची तूट. १२ अॅम्पिअर-तासांची बॅटरी ती पाच तासही भरून काढू शकणार नाही. शिवाय २२० वॅट मिळतात ते इंजिन वेगात असताना. घाटातल्या खोळंब्यात, आयडलवर आवक फार कमी असते. तेच लॅम्प २०-२० वॅटचे एल.ई.डी. घेतले तर बेरीज १८० वर येते आणि शिल्लक उरते.

कारागीर आणि ग्राहक, दोघांसाठी

जळलेला स्टेटर रिवाइंड करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. ही कला टिकली पाहिजे. परंतु तारेची जाडी व वेढ्यांची संख्या मूळची तीच हवी, आणि तारेचे एनॅमल व वॉर्निश जास्त उष्णता सोसणारे हवे. कारण कॉइल प्लेट पुष्कळ गाड्यांत गरम तेलात बसते. पंख्याची तार येथे टिकत नाही. आणि स्टेटर का जळला, हे न शोधता नवा बसवला तर तोही जळेल.

आता मुख्य गोष्ट. आपला ग्राहक पार्टचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. अर्धा तास मापे घेऊन कारागिराने एक जळकी पिन सोल्डर केली, तर त्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे पडतात. त्याच कारागिराने बॅटरी आणि रेग्युलेटर बदलला, तर हजारोंचे बिल मुकाट्याने दिले जाते. मग तो मीटर कशाला काढील? अंदाजाने पार्ट बदलणे ही कारागिराची खोड खरी, पण ती आपण ग्राहकांनीच पोसलेली आहे.

यावर इलाज साधा आहे. गॅरेजवाल्याने तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि बिलावर चार आकडे लिहून द्यावेत : उभ्या बॅटरीचा दाब, चालू इंजिनवरचा दाब, स्टेटरच्या तीन जोड्या आणि किल्ली बंद असतानाची गळती. ग्राहकाने ती मजुरी खुशीने द्यावी आणि ते बिल जपून ठेवावे. पुढच्या वेळी बॅटरीवाला, गॅरेजवाला आणि ग्राहक यांच्यात वाद झाला, तर तोंडी दाव्यांऐवजी हे आकडे समोर ठेवता येतील.