पूर ओसरतो, संशय उरतो

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या मोहने परिसराला पूर नवा नाही. पावसाळ्यात नदीने पात्र सोडले, की मोहने, शहाड, कल्याणच्या सखल वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते: ‘धरणाचे पाणी सोडले.’ कधी तिला पुढचे शेपूटही जोडले जाते: ‘मुद्दाम सोडले.’ प्रत्येक नैसर्गिक आपत्तीच्या मागोमाग येणारी ही संशयाची लाट निरुपद्रवी नसते, हे २००५ साली मुंबईने अनुभवले आहे.

२६ जुलै २००५ रोजी महापूर आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, मुंबईत जुहूजवळच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची आवई उठली. अरुंद गल्ल्यांतून लोक जिवाच्या आकांताने धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक जणांचा बळी गेला. प्रत्यक्षात ना धरण फुटले होते, ना समुद्र खवळून आत आला होता.

लोकांनी यावर विश्वास का ठेवला? अनेक भागांत वीज आणि दूरध्वनी बंद होते, खात्रीची माहिती मिळत नव्हती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीला जेमतेम सात महिने झाले होते. धरण फुटण्याची भीती तर महाराष्ट्राच्या मनात १२ जुलै १९६१ च्या पानशेत दुर्घटनेपासून घर करून आहे. अफवा शून्यातून जन्मत नाही; ती खऱ्या आठवणींवर पोसली जाते.

अफवा ‘काय घडले’ ते सांगते, तर कटाची कथा ‘कोणी घडवले’ ते सांगते. २६ जुलैच्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला अवघा ७३. एकाच शहरातील ही तफावत अनाकलनीय वाटते. ढगांना दोषी ठरवता येत नाही. माणसाला ठरवता येते. त्यात मनाला एक प्रकारचे समाधान असते.

तारखांचा खेळही असाच. भूजचा भूकंप २६ जानेवारीचा, त्सुनामी २६ डिसेंबरची, महापूर २६ जुलैचा. मग ‘२६’ या आकड्यामागे काहीतरी गूढ आहे, असे सांगितले जाते. मात्र कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा आणि माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, याचा सोयीस्कर विसर पडतो. जुळणाऱ्या तारखा लक्षात राहतात, न जुळणाऱ्या गळतात.

धरणाबाबतचा प्रश्न मात्र गैर नाही. विसर्गाची वेळ आणि प्रमाण यांचा पुराशी संबंध असू शकतो. म्हणूनच तो आकड्यांनी तपासला पाहिजे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. बारवी नदी उल्हासला मिळते ती त्याच्या पुष्कळ खाली, बदलापूर ओलांडल्यावर. म्हणजे वांगणीचे पाणी बारवी धरणाचे असू शकत नव्हते. घाटमाथ्यावरून आणि कर्जत परिसरातून येणारा पाऊसच नदीला फुगवण्यास पुरेसा ठरतो.

कटाच्या कथेची खरी हानी इथेच आहे. दोष अदृश्य हाताकडे गेला, की दिसणारी कारणे सुटतात. २६ जुलैच्या पुराची कारणे तपासणाऱ्या माधव चितळे समितीने नद्या-नाल्यांवरील अतिक्रमणे आणि अपुरी जलनिस्सारण व्यवस्था यांकडे लक्ष वेधले होते. उल्हासच्या काठीही भराव आणि पूररेषेतील बांधकामे यांबद्दल प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे नकाशांत, परवानग्यांत आणि पातळीच्या नोंदींत सापडतात. विसर्गाची माहिती वेळेवर, मराठीत आणि थेट वस्तीपर्यंत पोहोचली, तर संशयाला जागा कमी उरते. ती पोहोचेपर्यंत ‘धरण फुटले’ असा निरोप मिळाल्यास तो पुढे पाठवण्यापूर्वी नियंत्रण कक्षाला एक दूरध्वनी करणे, एवढे तरी नागरिकांच्या हाती असते.