'काढा' म्हणजे 'काढली' नव्हे : चालू व्हर्च्युअल मशीनमधून डिस्क सोडवताना

यवतमाळहून बोलतोय. मागच्या भागात आपण चालू व्हर्च्युअल मशीनला नवी डिस्क जोडली होती. त्यावर दारव्ह्याच्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला : "भाऊ, डिव्हाइस डेल मारलं, एरर बी नाही आली, मंग डिस्क गेली काहून नाही?"

हा गडी एका जिनिंगच्या हिशोबाचा सर्व्हर सांभाळतो. रोज संध्याकाळी बॅकअपची डिस्क जोडायची, कॉपी झाली की काढायची आणि तिची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची, असा त्याचा क्रम. आत शेतकऱ्यांच्या कापसाच्या चुकाऱ्यांचा हिशोब. डिस्क अर्धवट सुटलेली असताना फाइल उचलली तर कोणाचे किती द्यायचे राहिले, याचा बॅकअपवर भरवसा उरत नाही. म्हणून आजचा भाग जोडण्यावर नाही, काढण्यावर.

क्यूएमू हा फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ साली आणलेला प्रोग्राम. कॉम्प्युटर असल्याचं सोंग करणारा प्रोग्राम म्हणा ना. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, डिस्क दिसते, नेटवर्क कार्ड दिसतं, घड्याळ दिसतं. प्रत्यक्षात ते सगळे क्यूएमूच्या मेमरीतले तुकडे असतात.

आता खऱ्या सर्व्हरमधलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आठवा. काही सर्व्हरमध्ये स्लॉटजवळ एक बटण असतं. ते दाबलं की दिवा लुकलुकतो, पाच सेकंद थांबतो. त्या पाच सेकंदांत पुन्हा दाबलं तर विचार बदलला असं समजून काढणं रद्द! नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिम कार्डाचं काम थांबवते, स्लॉटची वीज बंद करते आणि मग तुम्ही हात घालायचा. क्यूएमूने या बटणाचीही नक्कल केली आहे. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत 'गेली नाही वाटतं' म्हणून लगेच दुसऱ्यांदा कमांड मारली, की पहिली विनंतीच रद्द व्हायची. २०२१ च्या ६.१ आवृत्तीपासून क्यू३५ मशीनवर एसीपीआयची वाट हे डिफॉल्ट झालं, पण मूळ गोष्ट तीच : डिव्हाइस डेल ही फक्त विनंती आहे. कमांड यशस्वी म्हणजे निरोप पोचता केला, एवढंच.

गेस्ट अजून बूट होत असेल, किंवा आत लटकला असेल, तर निरोप ऐकणारं कोणी नसतं. काढणं खरंच पूर्ण झालं की क्यूएमू 'डिव्हाइस डिलीटेड' नावाचा इव्हेंट पाठवतं. तो येईपर्यंत डिस्कच्या फाइलला हात लावायचा नाही. स्क्रिप्टमध्ये 'दहा सेकंद थांब' लिहून भागत नाही, इव्हेंटचीच वाट पाहायला हवी. तो येतच नसेल तर गेस्ट रीसेट केल्यावर राहिलेलं काढणं आपोआप पूर्ण होतं. आणि त्याआधी आतून अनमाउंट स्वतः करा. डिस्क माउंट आहे म्हणून लिनक्स आपल्याला अडवेल, या आशेवर राहू नका.

ही झाली झोपलेल्या गेस्टची गोष्ट. आता डांबरट गेस्ट!

२०११ साली नेल्सन एल्हाज यांनी ब्लॅक हॅट परिषदेत 'व्हर्च्युनॉइड' दाखवलं. सीव्हीई-२०११-१७५१ म्हणून ती त्रुटी नोंदलेली आहे. गेस्ट ठरावीक पोर्टवर एक आकडा लिहून 'अमुक स्लॉट मोकळा कर' असं क्यूएमूला सांगू शकतो. पण तो स्लॉट काढण्याजोगा आहे का, हे क्यूएमू तपासतच नव्हतं. एल्हाज यांनी आयएसए ब्रिज काढायला लावला. खऱ्या मदरबोर्डवर ही चिप डाग देऊन बसवलेली असते, कोण उपटणार? इथे ती निघाली, आणि तिच्यासोबत तिच्यावरचं घड्याळही. घड्याळाची मेमरी मोकळी झाली, पण दर सेकंदाला वाजणारा त्याचा टायमर यादीत तसाच राहिला.

समजा, भाडेकरूने चौकीदाराला सांगून ठेवलंय, रोज खोलीत ये, भिंतीवरची चिठ्ठी वाच आणि तसं कर. भाडेकरू खोली सोडून गेला, चौकीदाराला कोणी कळवलं नाही. नवा माणूस आला, त्याने आपली चिठ्ठी चिकटवली. चौकीदार मुकाट्याने तिचं ऐकतो. इथे चौकीदार म्हणजे टायमर. मोकळ्या झालेल्या मेमरीत गेस्टने आपला मजकूर भरला आणि त्या जोरावर तो व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर, होस्टवर पोचला. एकाच होस्टवर दहा जणांची मशीनं असतील तर बाकीच्या नऊ जणांचं काय, विचार करा.

दुरुस्ती छोटीशीच होती : न काढण्याजोग्या डिव्हाइसची विनंती सरळ दुर्लक्षित करायची. खरं कष्टाचं काम प्रत्येक डिव्हाइसच्या कोडमध्ये असतं. आधी तो गेस्टच्या नजरेआड करायचा, टायमर रद्द करायचे, सुरू असलेलं वाचणं-लिहिणं संपू द्यायचं. तो अजून किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा क्यूएमू ठेवतं, आणि आकडा शून्य झाला की मगच मेमरी मोकळी. मला विचाराल तर डिव्हाइसचा कोड वाचताना त्याच्या जन्माचं फंक्शन नंतर वाचा, मोडण्याचं आधी. जन्माच्या वेळी सुरू केलेला एखादा टायमर तिथे बंद केलेला दिसला नाही, तर तिथेच थांबा आणि नीट शोधा.