जीन शाबूत, पण मुका

जीन बिघडला की कर्करोग होतो, असं आपण ऐकत आलो. मग फुप्फुसाच्या कर्करोगात पी-१६ हा जीन तपासावा, तर कित्येकदा त्याचं अक्षरन्‌अक्षर जागच्या जागी कसं? ‘बास, आता विभागू नकोस’ असं पेशीला बजावणारा हा जीन. पोथी धडधाकट, फक्त नेमकी तीच पानं डिंकानं चिकटलेली!

डिंक केवढा? एक कार्बन, तीन हायड्रोजन. हा मिथाइल गट डीएनएतल्या ‘सी’ या अक्षराला चिकटतो. जीनच्या सुरुवातीला असे गट दाटले, की तो वाचलाच जात नाही. एरवी हे शरीराचं रोजचंच काम. डीएनए तोच असून यकृताची पेशी डोळ्याच्या पेशीसारखी वागत नाही, त्यात मिथाइलचा मोठा वाटा. गंमत म्हणजे पेशी विभागताना डीएनएमटी-१ हे विकर जुना धागा बघून नव्यावर तस्संच मिथाइल बसवतं. चूक झाली असली, तर तीही इमानेइतबारे!

पी-१६ला मुका करणारी ही चूक फार लवकर होते. २००० साली अमेरिकी संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा साठवून ठेवलेला जुना बेडका तपासला. काहींच्या बाबतीत निदानाच्या तब्बल ३ वर्षं आधीच्या बेडक्यात हे मिथाइल सापडलं.

आणि डिंक सुटतोही. १९६४ मध्ये प्रागला ॲझासायटिडिन तयार झालं. हा ‘सी’चा तोतया: एका कार्बनच्या जागी नायट्रोजन, बस. पेशी फसते, त्याला डीएनएत विणते आणि मिथाइल बसवायला आलेलं डीएनएमटी-१ तिथंच अडकून पडतं! १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं, की अशा औषधानं मिथाइल उतरलं तर उंदराच्या गर्भाच्या पेशींतून चक्क स्नायू तयार होतात.

रक्ताच्या काही आजारांत हे औषध रुळलं. फुप्फुसाचं दुखणं मात्र चिवट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बरेच उपचार करून थकलेल्या ४५ रुग्णांना ते दुसऱ्या एका औषधासोबत दिलं होतं; गाठ पूर्ण नाहीशी झाली ती एकाचीच. शिवाय नको ती पानंही उघडतात.

पण त्या नको त्या पानांत काय असावं? आपला सुमारे ८ टक्के डीएनए प्राचीन विषाणूंचा आहे, आणि त्यातला बराचसा मिथाइलनं गप्प केलेला. तो जागा झाला की कर्करोगाच्या पेशीला वाटतं, विषाणूच शिरला! ती स्वतःच बोंब ठोकते आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेत येते. २०१५ मध्ये हे उलगडल्यावर इम्युनोथेरपीशी या औषधाची जोडी लावण्याचा उत्साह वाढला. फुप्फुसाच्या कर्करोगात तरी या जोडीनं अजून बाजी मारलेली नाही.