हक्क कागदावर, खर्च पदरचा

बराक ओबामांचं आरोग्य सुधारणा विधेयक २१ मार्च २०१० च्या रात्री अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. त्या दिवशी दुपारपर्यंत ते गर्भपाताच्या खर्चावर अडलं होतं. मिशिगनचे बार्ट स्टुपाक ओबामांच्याच पक्षाचे. तरी सरकारी अनुदानातला छदामही गर्भपाताकडे वळता कामा नये, म्हणून ते सहकाऱ्यांसह हटून बसले होते. ओबामांनी तसा आदेश काढायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांची मतं मिळाली.

वादाचं मूळ १९७६ सालातलं. त्याआधी तीनच वर्षं सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला होता. इलिनॉयचे हेन्री हाइड यांनी अर्थसंकल्पात अट घातली: गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतला केंद्राचा पैसा गर्भपाताला मिळणार नाही. श्रीमंत बाईलाही रोखायला मला आवडलं असतं, पण हाताशी मेडिकेडचंच विधेयक आहे, असं त्यांनी सभागृहात उघड सांगितलं. आज बलात्कार, रक्ताच्या नात्यातला अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका एवढेच अपवाद आहेत. १९८० मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही अट उचलून धरली. गरिबी काही सरकारने निर्माण केलेली नाही, तेव्हा तिच्यामुळे येणारी अडचण दूर करणं सरकारवर बंधनकारक नाही, असा तो युक्तिवाद. मला तो निष्ठुर वाटतो.

२०१० च्या कायद्यातली तडजोड तर बघण्यासारखी आहे. अनुदानित विम्यात गर्भपाताचा खर्च धरायचा, तर कंपनीने त्यासाठी माणशी महिन्याला किमान एक डॉलर वेगळा घ्यायचा आणि वेगळ्याच खात्यात ठेवायचा. शिवाय अशा पॉलिसींवर आपल्या बाजारपेठेत बंदी घालायची मुभा राज्यांना आहेच.

ज्याला गर्भपात म्हणजे हत्या वाटते, त्याच्या कराचा पैसा तिथे का जावा, हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण युद्ध न पटणाऱ्याचाही कर रणगाड्यांवर खर्च होतोच. त्याला कुणी वेगळं खातं काढून देत नाही. सवलत इथेच, आणि तिची किंमत मोजते ती दवाखान्याचं बिल भरायला पैसे नसलेली बाई. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारखी काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून तिचा खर्च उचलतात. टेक्सासमध्ये तिला तोही आधार नव्हता.

२०२२ मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा हक्कच काढून घेतला. हाइड यांची अट मात्र कायमचा कायदा नसूनही १९७६ पासून दरवर्षी अर्थसंकल्पासोबत नव्याने मंजूर होत आली आहे.