ओटीपोटातले दुखणे आणि चिनी सुया

"डॉक्टरकाका, सुया टोचून घेतल्या तर चालतील का?"

गेल्या पावसाळ्यात माहेरी आलेल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. मुलगी म्हणजे आता सव्वीस वर्षांची विवाहिता. पण मी तिला दहावीत असल्यापासून ओळखतो. तेव्हा दर महिन्याला तिची आई तिला हाताला धरून माझ्या दवाखान्यात आणत असे. पाळीच्या पहिल्या दिवशी कळांनी ती अक्षरशः गडबडा लोळायची. मी गोळी देत असे आणि आईला सांगत असे, "घाबरू नका. लग्न होऊन एक मूल झाले की आपोआप थांबेल."

तो सल्ला चुकीचा होता. का, ते पुढे येईलच. आधी तिच्या प्रश्नाकडे वळू, कारण हल्ली बऱ्याच भगिनी तो विचारतात.

ही विद्या कुठली?

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची विद्या. तिचा जुना आधारग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. भारतात ती आली त्या हकिगतीला मराठी माणसाचा धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यातलेच. ते १९४२ साली चीनमध्येच वारले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात तिचे उपचार करू लागले. महाराष्ट्रात आता या उपचारपद्धतीसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदाही आहे.

चिनी वैद्य असे मानतात की, शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. 'ची' आणि रक्त मोकळे वाहत असतील तर दुखत नाही. तुंबले की दुखते. शेतकरी बांधवांना हे पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. पाळीत काळसर गाठी पडत असतील आणि शेकल्यावर बरे वाटत असेल, तर थंडीने रक्त साकळले असे ते म्हणतात. आपल्या आयुर्वेदातही अशा दुखण्याचा संबंध अपान वायूच्या अडथळ्याशी जोडला आहे.

हा अडथळा दूर करण्यासाठी ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून वीस-तीस मिनिटे ठेवतात. स्त्रियांच्या दुखण्यात हमखास वापरला जाणारा बिंदू पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर असतो. काही वेळा दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा वाळलेला पाला जाळून त्या बिंदूंना ऊब देतात. त्याला मोक्सा म्हणतात.

आमचे शास्त्र काय म्हणते?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. ते जास्त झाले की गर्भाशय जोराने आवळते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. आयब्युप्रोफेन, मेफेनामिक अ‍ॅसिड यांसारख्या गोळ्या हे द्रव्यच कमी करतात. म्हणून त्या कळ सुरू होताच, जेवणानंतर घेतल्या तर अधिक उपयोगी पडतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल, अथवा दिवस राहिल्याची शक्यता असेल, तर मात्र त्या परस्पर घेऊ नयेत.

'ची'चे मार्ग शवविच्छेदनात कुणाला सापडलेले नाहीत. तरीही सुई टोचल्याने मज्जातंतू चेतवले जातात आणि मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे विद्या अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मग गुण किती? कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली पाळीच्या दुखण्यावरील ४२ चाचण्या एकत्र तपासल्या. बऱ्याच चाचण्या कच्च्या असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. २०२३ साली चीनमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एंडोमेट्रिऑसिस हा विकार असलेल्या १०६ स्त्रिया होत्या. काहींना खरी सुई टोचली, काहींना खोटी. खऱ्या सुईने दुखणे जास्त कमी झाले. पण उपचार थांबल्यावर तो फायदा टिकला नाही.

थोडक्यात, सुईने काहींचे दुखणे हलके होऊ शकते. दुखण्याचे मूळ तिने जाते, असा पुरावा नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

मला विचारण्याआधीच ती सासरच्या शहरात आठ वेळा सुया टोचून आली होती. "बरं वाटलं का?" मी विचारले. "वाटलं, काका. झोप लागायला लागली. त्यांनी पहिल्या दिवशी तासभर सगळं विचारून घेतलं. शौचाला दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, कधीपासून... आणि म्हणाले, आधी सोनोग्राफी करा, मग पुढच्या सुया."

मी खाली मान घातली. हे प्रश्न मी दहा वर्षांत तिला एकदाही विचारले नव्हते. ते विचारले त्या सुईवाल्या गृहस्थांनी.

सोनोग्राफीत डाव्या बीजांडकोशावर जुन्या रक्ताने भरलेली गाठ दिसली. हाच तो एंडोमेट्रिऑसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखे तुकडे बाहेर, बीजांडकोशावर किंवा आतड्याच्या आसपास वाढतात. दर पाळीला तेही सुजतात आणि आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटतात. मूल झाल्याने हा विकार बरा होत नाही. उलट मूल होण्याच्या आडच तो येऊ शकतो. लग्नाला दोन वर्षे होऊनही तिला मूल नव्हते. माझा सल्ला किती चुकीचा होता, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीतून तिची शस्त्रक्रिया केली. आता औषधे चालू आहेत, दुखणे बरेच कमी आहे. जोडीला सुयाही चालू आहेत. मी हरकत घेतलेली नाही.

चिनी काढे आणि गोळ्या

याबाबत मात्र मी कडक आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. एका वनस्पतीच्या जागी दुसरीच, विषारी वनस्पती पुड्यांत आली होती. स्त्रियांच्या तक्रारींवर चिनी वैद्य 'दांग गुई' नावाची मुळी देतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनबरोबर ती घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुडीवर काय लिहिले आहे ते वाचता येत नसेल, तर ती पोटात घालू नये. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हा समज चिनी औषधांना लागू नाही आणि देशीलाही नाही.

सुया घ्यायच्याच असतील तर

उपचार करणाऱ्याकडे नोंदणी आहे का, ते विचारा. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेल्या असाव्यात. एकाची सुई दुसऱ्याला टोचली, तर कावीळ 'ब' आणि एड्सच्या विषाणूंचा धोका असतो. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. चालू असलेली औषधे मनाने बंद करू नका.

मात्र पुढील लक्षणांत सुईची वाट न पाहता डॉक्टर गाठा :

पाळी चुकली असताना अचानक एका बाजूला जोराची कळ येणे, चक्कर येणे (गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो).

तापाबरोबर ओटीपोट दुखणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे.

पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे.

शाळा किंवा काम दर महिन्याला बुडेल इतके दुखणे, किंवा दुखणे वर्षागणिक वाढत जाणे.

बारीक ताप, वजन घटणे आणि मूल न होणे (आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयही आढळतो).

आयाबहिणींनो, दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतला जुना रिवाज आहे आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनी त्याला हातभारच लावला. पाळीत थोडे दुखणारच. पण मुलगी लोळत असेल तर ते 'थोडे' नव्हे. तिला दवाखान्यात आणा, आणि डॉक्टर "मूल झाले की थांबेल" म्हणाले, तर त्यांना पुन्हा एकदा नीट तपासायला सांगा. तो डॉक्टर मी असलो तरीही.