अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज मस्कतला पोचलं. धागा आपल्या भोकरदनपर्यंत

भोकरदन : जालन्यात बंदर म्हटलं की आपल्याला ड्रायपोर्टच आठवतं, समुद्र लांबच राहिला. पण नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज 29 डिसेंबर 2025 ला गुजरातच्या पोरबंदरहून निघालं आणि 14 जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, ओमानच्या मस्कत बंदरात लागलं. त्याचा नमुना घेतला तो आपल्या शेजारच्या अजिंठ्यातून.

लेणी क्रमांक 2 मध्ये पाचव्या शतकाच्या सुमाराचं एक चित्र आहे. तीन डोलकाठ्यांचं जहाज, त्यावर रांजण ठेवलेले. जुना नकाशा काही उरलेला नाही, म्हणून चित्रावरूनच अंदाज बांधावा लागला. मद्रास आयआयटीने पाण्यात चाचण्या घेतल्या. गोव्यात केरळच्या कारागिरांनी 2023 पासून काम केलं आणि मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं.

या जहाजाला इंजिन नाही. फळ्यांना खिळे ठोकलेले नाहीत, तर त्या काथ्याच्या दोरीने शिवल्यात आणि सांधे राळेने बंद केलेत. आता शिवलेलं जहाज समुद्रात टिकेल कसं? आपली सुंभाची बाज बघा, माणूस बसला की दबते पण तुटत नाही. तसंच लाट आदळली की शिवलेल्या फळ्या थोड्या लवतात आणि मार सोसतात. खिळ्याचा सांधा ताठ असतो, शिवाय खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. फळ्यांना बाक द्यायला त्या वाफेवर नरम केल्या. वळवायला मागच्या बाजूला मोठी वल्ही आहेत. नांगर दगडाचा. (जहाज थांबवतो तोही नांगरच, आपला मात्र चालवावा लागतो!)

यात भोकरदनचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची, भरहूतच्या शिलालेखांत इथल्या दानकर्त्यांची नोंद आहे. 1973 च्या उत्खननात इथं हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेई शहरात सापडली आहे, आणि ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे तो माल त्याच्याआधीच समुद्र ओलांडून गेलेला. कशातून गेला असेल? इंजिन तर नव्हतंच.

आपल्या पोरांना हे पुस्तकात सापडत नाही. सिल्लोडमार्गे अजिंठा दूर नाही. चित्र बघायचं तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.